सात मेगाहर्ट्झवरची बासरी हरवली, आणि रोपांच्या ट्रेपाशी रेडिओ गुरगुरतो

कोवळी_पालवी
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बागकामाचा एक आणि रेडिओचा एक असे दोन धागे काढणार होते, पण माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच खिडकीत चालतात. म्हणून एकत्रच विचारते.

थंडी सरायला लागली तशा मी खिडकीतल्या फळीवर बिया लावल्या. दोन ट्रे टोमॅटो, एक ढोबळी मिरची, एक झेंडू. टोमॅटो सातव्या दिवशी वर आले. मिरचीने मात्र सतरा दिवस घेतले. रोज सकाळी कोकोपीट बोटाने हळूच चाचपून बघायचे. सतराव्या दिवशी एक पांढरी कमान दिसली, डोकं अजून मातीतच अडकलेलं. घरातल्या सगळ्यांना हाका मारून मी ती दाखवली.

रोपांना पाणी द्यायची माझी वेळ संध्याकाळी साडेसहाची. तेव्हा फळीच्या कोपऱ्यावर छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ चालू असतो. पूर्वी मोबाईलवर गाणी लावायचे, पण तिथे पुढचं गाणं कोणतं हे मला आधीच ठाऊक असतं. शॉर्टवेव्हवर सुई फिरवणं म्हणजे नाव न लिहिलेल्या पुडीतलं बी लावणं. काय उगवेल ते उगवेल. (माझ्या रेडिओला सुई नाही, नुसते आकडे आहेत, तरी तोंडी सुईच येते.)

जवळजवळ तीन आठवडे ४१ मीटर बँडवर (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा एक पट्टा), ७३०० किलोहर्ट्झच्या थोडं वर, मला एक बासरी सापडत होती. आपली आडवी बासरी नव्हे. एकापेक्षा जास्त नळ्या असाव्यात, कारण सूर बदलताना मध्ये फुंकरीची जागा ऐकू येते. सोबत झपाझप वाजणारी व्हायोलिनं. आवाज दर काही सेकंदांनी मंदावायचा, जणू कुणी दार लोटून घेतलंय, आणि मग पुन्हा उघडायचा. निवेदिका बोलायची ती भाषा मला येत नाही. झारीतलं पाणी संपलं तरी मी तिथेच उभी राहायचे.

गेल्या रविवारपासून ते स्टेशन नाही. त्या जागी नुसती सळसळ, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं कुणाचं तरी भाषण आत घुसलेलं. रेडिओ बिघडला म्हणावं तर बाकीची स्टेशनं लागतात. बंदच झालं का ते?

दुसरा प्रश्न. खिडकीतला उजेड पुरेना, टोमॅटो काडीसारखे लांबायला लागले, म्हणून मी ट्रेच्या वर एलईडीची पट्टी टांगली. टायमरवर पंधरा तास चालते. रोपं सुधारली, पण पट्टी लागली की रेडिओत गुर्रर्र असा एकसुरी आवाज भरतो. मग मी रेडिओ उचलून जिन्याच्या टोकाला नेते. तिथे गाणं आहे आणि रोपं नाहीत. मला दोन्ही एकाच जागी हवं आहे.

आणि या दिवसांत बागेत काम करताना तुम्ही काय ऐकता, तेही लिहा. मला या छंदाला जेमतेम पाच महिने झालेत.


निळी_सुई
मंगळवार, रात्री ११:०५

ताई, तुमचं स्टेशन बंद झालेलं नाही. तुम्ही "गेल्या रविवारपासून" लिहिलंत तिथेच उत्तर मिळालं. तो मार्चचा शेवटचा रविवार होता.

शॉर्टवेव्हवाल्यांचं वर्ष दोन हंगामांचं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ए हंगाम सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बी. त्या एका दिवशी जगभरची बरीचशी स्टेशनं आपल्या वेळा आणि फ्रिक्वेन्सी बदलतात. कुणी कुणाच्या पायावर पाय देऊ नये म्हणून एचएफसीसी या संघटनेत बरेचसे प्रसारक आधी एकत्र बसून याद्या जुळवतात. शेतीत जसे खरीप-रब्बी, तसे इथे ए आणि बी. मला गेली बावीस वर्षं वसंताची खरी खूण हीच वाटते. सोमवारी सकाळी रेडिओ लावावा तर ओळखीची घरं सगळी हललेली.

ती का हलतात, तर सूर्यामुळे. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर आहे, त्याला डी थर म्हणतात. ऊन असेपर्यंत तो जिवंत असतो, आणि खालच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे तुमचं ४१ मीटर, ४९ मीटर, गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी त्यातून पार होऊन वरच्या एफ थरापर्यंत, दोन-तीनशे किलोमीटर वर पोचतात आणि तिथून वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. अशी एक उडी चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. हिवाळ्यात अंधार लवकर पडायचा म्हणून साडेसहाला ४१ मीटर रंगात यायचा. आता दिवस वाढला. तुमच्या खिडकीत उजेड आहे तोवर वर डी थरही आहे. म्हणून स्टेशनं एक-दोन पायऱ्या वर चढतात. ७ मेगाहर्ट्झवाली ९ किंवा ११ वर जातात. तुम्ही ३१ मीटर (९४०० ते ९९००) आणि २५ मीटर (११६०० ते १२१००) हे दोन बँड सावकाश चाळा.

वेळेचीही एक गोष्ट आहे. युरोपातल्या देशांनी त्याच रविवारी घड्याळं एक तास पुढे केली. त्यांचे कार्यक्रम बहुधा त्यांच्या स्थानिक वेळेला बांधलेले असतात. म्हणजे तुमच्या गावची घड्याळं बदलत नसतील तर ते स्टेशन आता तासभर आधी येत असेल. साडेपाचला बसून बघा.

स्टेशन कोणतं, याचा माझा अंदाज सांगतो. एकीला एक जोडलेल्या नळ्यांची बासरी, सोबत वेगवान व्हायोलिनं, हे रोमानियाचं लोकसंगीत वाटतं. त्या वाद्याला तिकडे नाय म्हणतात. आणि रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल अजून शॉर्टवेव्हवर टिकून आहे. त्यांच्याकडे लोकसंगीताला चांगली जागा असते. ठोक्याला पाच मिनिटं असताना कान लावून बसा. बहुतेक जुनी स्टेशनं कार्यक्रमाआधी एक छोटी ओळखधून पुन्हा पुन्हा वाजवतात, ती एकदा मनात बसली की गर्दीतही सापडते. कार्यक्रम सुरू होताना निवेदक नावही घेतो. नाव कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

स्टेशन सापडल्यावर त्यांना पत्र पाठवा. तारीख, जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, काय काय ऐकलं, आवाज कसा होता, एवढं पुरतं. बहुतेक ठिकाणाहून छापील पोचपावतीचं कार्ड येतं, त्याला क्यूएसएल म्हणतात. माझ्याकडे दोन खोके भरून आहेत. त्यातली निम्मीअधिक स्टेशनं आज हवेत नाहीत. नेदरलँड्स आणि कॅनडा यांची जागतिक सेवा २०१२ साली शॉर्टवेव्हवरून गेली, रेडिओ ऑस्ट्रेलिया २०१७ च्या जानेवारीत. म्हणून जे आहेत त्यांना ऐकतोय हे कळवलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

आता गुरगुर. ती पट्टीतून येत नाही, पट्टीला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरमधून येते. तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याची वायर त्या गोंगाटाची एरियल होते. एक चाचणी करा. रेडिओ बॅटरीवर ठेवा, चार्जर काढून. घराचा मुख्य स्विच दोन मिनिटं बंद करा. जे राहील ते आकाशातलं, जे गेलं ते घरातलं. मग एकेक स्विच चालू करत जा. पट्टीखेरीज आणखी एक-दोन चोर सापडतील, मोबाईलचा चार्जर हमखास.

उपाय तीन. पट्टीच्या वायरीला अडॅप्टरजवळ फेराइटचं कडं घाला, वायर त्यातून पाच-सहा वेळा फिरवून. दुसरा, ऐकण्याच्या वेळी पट्टी बंद. तिसरा आणि खरा उपाय म्हणजे एरियल घराबाहेर न्या. आठ मीटर साधी, प्लास्टिकचं आवरण असलेली वायर घ्या. आठ का, तर ३१ मीटर लहरीचा चौथा हिस्सा साधारण तेवढा येतो. एक टोक रेडिओच्या दांडीला चिमट्याने लावा आणि दुसरं बागेत दूर, घराकडे पाठ करून. घेवड्याचा मांडव असेल तर त्याच्या वरच्या काठीवरून न्या. वीस-तीस मीटर लांब वायर लावायचा मोह होतो, पण हातातल्या रेडिओला ती सोसत नाही, सगळी स्टेशनं एकमेकांत मिसळतात. विजेच्या तारांच्या आसपासही फिरकू नका. आणि आभाळ गडगडायला लागलं की चिमटा काढून वायर बाहेर टाकायची. यात कधीही चालढकल करू नका.

मी स्वतः काय ऐकतो ते उद्या लिहितो. आत्ता वाटाण्याला टेकू द्यायचे राहिलेत, ते दिवा घेऊन करतोय.


वाफ्यावरून
बुधवार, सकाळी ६:२०

मला रेडिओतलं निळी_सुई यांच्याइतकं कळत नाही, रोपांचं बोलतो.

टोमॅटो लांबले ते उजेडासाठी. पट्टी लावलीत ते योग्य केलंत. पण चोवीस तास कधी ठेवू नका. चौदा-सोळा तास उजेड आणि बाकी काळोख, असं टोमॅटोला मानवतं. दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळवा हलकेच फिरवा, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा. हा लाड नव्हे. बाहेर वाऱ्याने रोप हलतं म्हणून बुंधा जाड होतो, खिडकीत वारा नसतो, ते काम तुमच्या हाताने करायचं. आठवड्यात फरक दिसेल.

पाणी झारीने वरून देताय असं वाटलं. लहान रोपांना ट्रेच्या खालून द्या. बशीत पाणी ओता, अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका. वरची माती सतत ओली राहिली की रोपं मातीच्या पातळीवर बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. मी एके वर्षी साठ रोपं अशी घालवली. रात्री उभी होती, सकाळी सगळी एका दिशेला झोपलेली, आणि त्या अवस्थेतून परत आणता येत नाही. तो बुरशीचा रोग आहे, त्याला ओल आणि कोंडलेली हवा लागते.

लांबलेली रोपं टाकून देऊ नका. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं तिथे मुळं फुटतात. वाफ्यात लावताना खालची पानं काढून पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोल लावा. मिरचीला हे करू नका, ती आहे त्याच पातळीला बरी. पण त्याआधी आठ-दहा दिवस बाहेरची सवय. पहिल्या दिवशी सावलीत दोन तास, मग वाढवत न्यायचं. खिडकीतलं पान उन्हाला तयार नसतं, एका दुपारीत पांढरं पडतं.

ऐकण्याचं म्हणाल तर पहाटे, उजाडायच्या अर्धा तास आधी मी बाहेर असतो. रेडिओ उलट्या कुंडीवर. त्या वेळी दूरची स्टेशनं एकदम वर येतात आणि सूर्य वर आला की एकेक बुडतात. कोणती ते मी लिहून ठेवत नाही. काल एक बाई एकटी गात होती, साथीला काही नाही. तिचा आवाज जायला आणि पहिली मधमाशी यायला एकच गाठ पडली.


मध्यरात्र_४९
बुधवार, दुपारी १२:५०

निळी_सुई यांच्याशी एका बाबतीत माझं पटत नाही. लांब वायर हे दाट वस्तीत उत्तर नाही. शेजाऱ्यांकडचे अडॅप्टरही तुमची वायर तितक्याच आनंदाने पकडणार. मी लूप वापरतो. मीटरभर व्यासाचं तांब्याच्या नळीचं कडं, उभं. ते फिरवता येतं आणि त्याच्या दोन बाजू बहिऱ्या असतात. गोंगाट ज्या दिशेने येतोय ती दिशा बहिऱ्या बाजूला करायची. ताईंकडे मोकळी जागा असेल तर वायर, नसेल तर लूप.

"दार लोटल्यासारखा" आवाज कसा होतो ते कुणी सांगितलं नाही. तीच लहर तुमच्याकडे दोन वाटांनी येते, एक एका उडीत, एक दोन उड्यांत. वरचा थर सारखा हलत असतो, त्यामुळे दोन्ही वाटांची लांबी बदलत राहते. कधी दोघी एकमेकींना जोर देतात, कधी खोडतात. त्यातही सगळे सूर एकदम खोडले जात नाहीत, म्हणून कधी नुसतं खरजातलं जातं आणि व्हायोलिन पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं होतं. तुमच्या रेडिओवर एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची एकच बाजू ऐकायची सोय) असेल तर स्टेशन त्यात लावा आणि शिट्टी बरोबर शून्यावर येईपर्यंत बारीक जुळवा. मग फाटका आवाज बराच सावरतो. आवाज लहानमोठा होणं राहील. ते मला जावंसंही वाटत नाही.

वसंताचं आणखी एक वैशिष्ट्य. २० मार्चच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हा काळोखाची कड उत्तर-दक्षिण सरळ उभी असते आणि त्या कडेने येणारे आवाज संधिप्रकाशात अचानक उजळतात. पण याच सुमारास आणि सप्टेंबरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला जास्त सहज सापडतं, म्हणून चुंबकीय वादळंही जास्त येतात. एखाद्या रात्री सगळे बँड रिकामे वाटले तर रेडिओ उघडून बघू नका, दोन दिवस थांबा. १० मे २०२४ च्या रात्री जी-५ दर्जाचं, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं, चुंबकीय वादळ आलं, २००३ नंतरचं पहिलं. माझा रेडिओ ठीक होता, आकाशच मिटलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती सळसळ. मी हेडफोन काढला आणि बॅटरी घेऊन बागेत गेलो. काकडीच्या रोपांवर अकरा गोगलगायी होत्या. रेडिओ लागला असता तर सकाळी रोपं नसती.

तेव्हापासून बँड पडला की मी गोगलगायी वेचायला जातो.


निळी_सुई
बुधवार, रात्री ९:१५

लूपबद्दल मध्यरात्र_४९ यांचं बरोबर आहे. ताईंनी "बाग" म्हटलं, म्हणून मी मोकळी जागा धरून चाललो.

मी काय ऐकतो ते लिहायचं राहिलं होतं. आमच्या घरी हे वेड रेडिओ सिलोनपासूनचं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कोलंबोत उभारलेलं प्रक्षेपण पुढे त्यांच्याकडे आलं, आणि १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली ती शॉर्टवेव्हवरच. समुद्रापलीकडून येणारं गाणं मागेपुढे होत येतं, हेच वडिलांच्या पिढीला गाण्याचं मूळ रूप वाटायचं. मला लहानपणी स्वच्छ आवाजातलं तेच गाणं ऐकून काहीतरी कमी आहे असं वाटलं होतं. ती कमी काय, हे मला बागेत कळलं. लाट मागे जाते तेव्हा कान पुढे सरकतो. खुरपं हातात तसंच थांबतं.

आता मी संध्याकाळी तुर्कस्तानचं स्टेशन लावतो. शॉर्टवेव्हवर आवाजाला जागा फार अरुंद असते. दोन स्टेशनांमध्ये ५ किलोहर्ट्झचं अंतर, म्हणजे झांजेची किणकिण, टाळ्यांचा कुरकुरीतपणा, हे सगळं कापलं जातं. मधल्या पट्टीतले सूर मात्र जसेच्या तसे येतात. गळा, बासरी, तंतुवाद्यं, एकट्याचा आलाप. पाश्चात्त्य वाद्यवृंद शॉर्टवेव्हवर मला कधी आवडला नाही, सगळं एकत्र गोळा होतं. एकटं वाद्य ऐकावं.

आणि करायला हातांना काम हवं. नुसतं खुर्चीत बसून शॉर्टवेव्ह ऐकलं तर खरखर टोचते. रोपं विरळ करताना, बी वेचताना, टेकूला दोरी बांधताना तीच खरखर पावसाच्या आवाजासारखी मागे राहते.


वाफ्यावरून
गुरुवार, सकाळी ६:०५

दोरीवरून आठवलं. टोमॅटोला टेकूशी बांधताना दोरी इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, म्हणजे खोड आणि काठी यांच्यात एक पीळ राहतो. खोड पुढे जाड होतं, त्याला गळफास नको.

फुलं आली की भुंगा येईल, त्याला हाकलू नका. टोमॅटोच्या फुलात पराग बंद नळीत असतो. मधमाशीला तो काढता येत नाही. भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि पराग खाली झडतो. त्या वेळी त्याचा सूर बदलतो, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वर जातो. रेडिओ बंद करून एकदा ऐका.


कोवळी_पालवी
शनिवार, रात्री ८:३०

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहितेय, कारण सांगितलेलं सगळं करून बघायचं होतं.

आधी गुरगुर. मुख्य स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावला आणि मला धक्काच बसला. घर इतकं बोलत होतं हे माहीतच नव्हतं. सगळे बँड एका क्षणात खोल झाले, जणू पाणी स्थिर होऊन तळ दिसला. मग एकेक स्विच. पट्टीचा अडॅप्टर पहिला चोर, मोबाईलचा चार्जर दुसरा, आणि तिसरा चोर जिन्यातला दिवा, जो माझ्या डोक्यात कधी आला नसता. फेराइटच्या कड्याने पट्टीची गुरगुर निम्म्याने कमी झाली, गेली नाही.

वायर घेवड्याच्या मांडवावरून नेली. मांडव अजून उघडाच आहे, घेवडा वीतभर वर आलाय. आठ मीटर मोजल्यावर टोक बरोबर कोपऱ्यातल्या लिंबापाशी पोचलं. तिथे सुतळीने बांधलंय, वायरीला ताण न देता.

३१ मीटर दोन संध्याकाळी चाळला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी निळी_सुई यांनी सांगितलं तसं साडेपाचला पाच मिनिटं असताना बसले. आमच्याकडे घड्याळं बदलत नाहीत. एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजत होती, मध्ये दोन-तीन सेकंद शांतता. मग पुरुषाचा आवाज, आणि त्यात स्पष्ट "रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल". मी हातातली बशी खाली ठेवली. बातम्या झाल्या, कुणीतरी बराच वेळ बोललं, आणि त्यानंतर ती नळ्यांची बासरी. ४१ मीटरवर असायची त्याहून स्वच्छ. फुंकरीची जागा तशीच. पत्र पाठवलं आहे.

आता वेळेचा प्रश्न होता. साडेपाचला पट्टी चालू असते. माझा टायमर जुना, गोल चकतीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असलेला. साडेपाच ते साडेसहाच्या चार खुंट्या वर केल्या आणि रात्रीच्या चार खाली दाबल्या. तेवढा तास रोपांना खिडकीतला उजेड पुरतो. साडेपाचला टक् असा आवाज होतो, पट्टी विझते, आणि त्याच क्षणी रेडिओतली उरलीसुरली गुरगुर जाते. इतके दिवस पाणी साडेसहाला द्यायचे, आता साडेपाचला देते. खालून, बशीत.

वाफ्यावरून, तुमचा तळव्याचा उपाय पाचव्या-सहाव्या दिवशीच दिसायला लागला. टोमॅटोचे बुंधे जांभळट आणि जाड झालेत, त्यावर बारीक लव आली आहे. हाताला वास राहतो तो मला फार आवडतो. एका ट्रेमधली चार रोपं तुम्ही सांगितली तशीच आडवी पडली होती. ती काढून टाकली, वरून पाणी थांबवलं, खिडकी दुपारी उघडी ठेवली. पुढे कुठलं पडलं नाही.

मध्यरात्र_४९, एसएसबी आहे माझ्या रेडिओत, पाच महिन्यांत त्या बटणाला हात लावला नव्हता. शिट्टी शून्यावर आणायला मला तीन संध्याकाळी लागल्या. व्हायोलिनं आता डब्यात जात नाहीत. आणि बुधवारी बँड रिकामा होता तेव्हा बॅटरी घेऊन गेले. सात.

कालपासून टोमॅटो बाहेर काढायला सुरुवात केली. काल दोन तास, आज तीन, लिंबाच्या सावलीत. आज साडेपाचला ट्रे बाहेर होते म्हणून रेडिओही बाहेर नेला. झाडाच्या बुंध्याशी बसून मी झेंडूची रोपं वेगळी करत होते. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, घाई केली की तुटतात. गाणं मागे गेलं की मी थांबायचे आणि परत आलं की पुढचं रोप सोडवायचे. एकोणीस रोपं झाली. बाकीची उद्या.

एक विचारायचं राहिलं. घेवडा महिन्याभरात मांडवाच्या वर जाईल. वायरीला विळखे घातले तर चालतील, की तिच्यासाठी वेगळी काठी लावू?


निळी_सुई
शनिवार, रात्री ९:०२

आवरण असलेली वायर आहे ना? मग घालू द्या विळखे. ओल्या पानांनी आवाज किंचित उतरला तर वायर मांडवाच्या वीतभर वर उचला. घेवडा तिथेही पोचेल, पण तोवर तुमच्या शेंगा सुरू झालेल्या असतील.

कार्ड आलं की इथे कळवा.